फोन हीच गाडीची किल्ली: कितपत भरवसा ठेवावा?

शंकेखोर:
घरात नव्या गाडीचं चाललं आहे. दोन मॉडेलांवर येऊन घोडं अडलंय आणि दोन्हींत फोनच किल्ली होतो. फोन खिशात ठेवून गाडीजवळ गेलं की दार उघडतं, आत बसून ब्रेक दाबला की गाडी सुरू. नवऱ्याला याचं भलतंच कौतुक. मला मात्र एकेक प्रश्न पडायला लागलेत.

फोन चोरीला गेला तर गाडीही गेली का? फोन घरात आणि गाडी बाहेर असताना कुणी मधल्यामध्ये सिग्नल पळवू शकतं का? कंपनीचा सर्व्हर फोडला तर? आणि बॅटरी संपली तर मी भर पावसात दाराशी उभी राहणार का?

ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी लिहा. 'काही होत नाही गं' हे उत्तर घरी आधीच मिळालं आहे.

चौथी_सीट:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे.

ओमचा_नियम:
पहिला प्रश्न असा, की तुमच्या मॉडेलांत फोन गाडीशी बोलतो कशाने? एनएफसी, ब्लूटूथ की अल्ट्रा वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी? जाहिरातीत तिन्हींना सरसकट 'डिजिटल की' म्हणतात, पण सुरक्षिततेच्या बाबतीत तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एनएफसीत फोन दाराच्या हँडलला टेकवावा लागतो. पल्ला जेमतेम काही सेंटिमीटर. सिग्नल पळवायचा तर चोराला तुमच्या खिशाला चिकटून उभं राहावं लागेल. याची फार काळजी करू नका.

ब्लूटूथचं तसं नाही. सिग्नल किती जोरात येतोय यावरून फोन जवळ आहे की लांब, याचा गाडी अंदाज बांधते. रिले हल्ला नेमका इथे बसतो. एक जण उपकरण घेऊन तुमच्या आसपास, रांगेत किंवा घराच्या भिंतीबाहेर, दुसरा गाडीपाशी. दोघांची उपकरणं फोन आणि गाडीमधलं संभाषण जसंच्या तसं इकडून तिकडे पोचवतात. कुठलाही कोड फोडावा लागत नाही. गाडीला खऱ्या फोनचं खरंच उत्तर मिळतं, फक्त ते लांबून आलेलं असतं.

युक्ती जुनी आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खिशातल्या फॉबने, म्हणजे रिमोट किल्लीने, उघडणारी ८ कंपन्यांची १० मॉडेलं घेतली होती, दहाच्या दहा या युक्तीला बळी पडली. २०२२ साली एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने तेच ब्लूटूथवर करून टेस्लाची मॉडेल ३ उघडली आणि सुरूही केली. त्यांच्या उपकरणांमुळे संभाषणात उशीर झाला तो सुमारे ८ मिलिसेकंदांचा. ब्लूटूथच्या कारभारात एवढा उशीर कुणी मोजतही नाही.

यूडब्ल्यूबी सिग्नलचा जोर बघत नाही, वेळ बघतं. सिग्नल जाऊन यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. आता वरचे ८ मिलिसेकंद या हिशेबात घालून बघा. तेवढ्यात लहर २,४०० किलोमीटर गेलेली असते! अशा रिलेमागचा फोन गाडीच्या लेखी परदेशातच आहे, त्यामुळे दार उघडायचा प्रश्नच येत नाही.

कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्टियम नावाचा एक संघ आहे, त्यात गाड्यांच्या आणि फोनच्या बहुतेक मोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्या 'डिजिटल की' मानकाची २०२० ची दुसरी आवृत्ती एनएफसीवर चालते. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ब्लूटूथच्या जोडीला यूडब्ल्यूबी आलं. विक्रेत्याला थेट विचारा, तुमची कुठली?

गिअरबदलू:
पूर्ण सहमत. एवढं सविस्तर कुणी शोरूममध्ये सांगत नाही.

पान्हेवाला:
ओमराव, माहिती झकास. पण गाड्यांच्या पोटात हात घालणारा माणूस म्हणून सांगतो, चोर एवढा अभ्यास करत नाहीत. सोपी वाट दिसली की तिकडूनच जातात, मग किल्ली फोनमध्ये असो नाहीतर खिशात.

सध्याची सोपी वाट म्हणजे हेडलाइट. खोटं वाटेल, पण ऐका. गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एका सामायिक वायरिंगवर बोलते, तिला कॅन बस म्हणतात. काही मॉडेलांत ती थेट पुढच्या दिव्यापर्यंत आलेली असते. बंपर ओढायचा, दिव्याचा कनेक्टर काढायचा, तिथे आपलं यंत्र जोडायचं आणि 'मी किल्ली तपासली, बरोबर आहे' असा खोटा निरोप सोडायचा. गाडी उघडते आणि सुरूही होते. २०२२ मध्ये इंग्लंडात इयन टेबर या गाड्यांच्याच सुरक्षेवर काम करणाऱ्या माणसाची टोयोटा रॅव्ह४ अशीच गेली. आधी बंपर आणि दिव्याशी खेळ केलेला दिसला तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी नुसतीच नासधूस केली. नंतर गाडीच गेली. पुढे केन टिंडेल या त्याच्या मित्राने ते यंत्र उघडून २०२३ मध्ये सगळा प्रकार लिहून काढला.

तिथे तुमचं यूडब्ल्यूबी काय करणार?

दुसरं म्हणजे, फॉब म्हणजे काही तिजोरी नव्हे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये टेस्ला मॉडेल एसच्या फॉबची नक्कल काही सेकंदांत करून दाखवली, कारण आतलं कूट अवघं ४० बिटांचं, म्हणजे फोडायला सोपं. त्यावर उपाय म्हणून मालकांना नवा फॉब घ्यावा लागला किंवा गाडीला पिन लावावा लागला. फोनला निदान रातोरात अपडेट तरी येतो.

शंकेखोर:
पान्हेवाला, तुमचं वाचून धीर वाढला की कमी झाला तेच कळेना. म्हणजे फोन फॉबपेक्षा बरा, असं म्हणायचं का? पण फॉब कुणी पळवला तर गाडी कुठे उभी आहे हे चोराला माहीत नसतं. फोनमध्ये तर तेही लिहिलेलं असतं!

कानामात्रा:
शंकेखोरताई, मुद्दा बरोबर आहे, पण फोन चोरीला जाण्याचे दोन प्रकार करा.

पहिला: लॉक असलेला फोन गेला. आयफोनमध्ये गाडीची किल्ली 'एक्सप्रेस मोड'मध्ये असेल तर फोन अनलॉक न करताही दार उघडतं. सोय म्हणून तो बहुतेकांचा चालूच असतो. तो बंद करा, मग किल्ली वापरताना दर वेळी चेहरा किंवा बोट लागेल. थोडं कटकटीचं होतं, हे कबूल.

दुसरा प्रकार जास्त वाईट. गर्दीत कुणीतरी मागून तुमचा पासकोड बघतो आणि मग फोन हिसकावतो. पासकोड हातात आला की फोनमधलं जवळजवळ सगळंच हातात. ॲपलने म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ सोबत चोरीपासून संरक्षणाची वेगळी सेटिंग आणली. ती चालू असली की घरापासून लांब असताना खात्याचा पासवर्ड बदलण्यासारख्या कामांना नुसता पासकोड चालत नाही, चेहरा किंवा बोट लागतं आणि वर तासाभराची वाटही बघावी लागते. ज्याच्या फोनमध्ये गाडी आहे त्याने ही सेटिंग आजच बघावी.

फोन गेल्यावर करायचं काय, हे मात्र फोन हातात असतानाच एकदा करून बघा. दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या खात्यात शिरायला जावं, तर ओटीपी येतो चोराच्या हातातल्या फोनवर! ॲपलने हरवलेला फोन शोधायच्या पानाला कोडची अट ठेवलेली नाही, ती याचसाठी. तिथून फोन 'हरवला' म्हणून टाकता येतो. गाडीच्या कंपनीचं ॲप असा विचार करेलच असं नाही. त्या खात्याला दुसरा नंबर किंवा दुसरा ईमेल जोडून ठेवा.

गिअरबदलू:
एवढं सगळं करण्यापेक्षा गाडीला पिन लावा आणि झोपा. टेस्लात २०१८ पासून 'पिन टू ड्राइव्ह' आहे. दार उघडलं तरी पिनशिवाय गाडी हलत नाही. रिले करा नाहीतर काहीही करा.

दार_लोटा:
धागा भलतीकडे चाललाय असं मला वाटतं. सगळे जण फोन आणि गाडीच्या मधल्या दहा फुटांबद्दल बोलताय. माझ्या मते खरी भीती तिथे नाहीच, खात्यात आहे.

ज्याला आपण 'फोन-किल्ली' म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, फोनच्या सुरक्षित चिपमध्ये बसलेली किल्ली. ती गाडीशी थेट बोलते, तिला इंटरनेट लागत नाही आणि तिचा गुप्त भाग फोनबाहेर पडत नाही. दोन, ॲपमधलं 'अनलॉक'चं बटण. ते दाबलं की निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो, सर्व्हर गाडीला सांगतो आणि गाडी निमूटपणे ऐकते. दिसायला दोन्ही त्याच फोनमध्ये असतात, म्हणून लोकांची गल्लत होते.

दुसऱ्या वाटेचं काय होतं ते बघा. २०१६ मध्ये निसान लीफच्या ॲपला गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, सोडून काहीच लागत नव्हतं. तो नंबर तर समोरच्या काचेतून वाचता येतो. त्यावर कुणाच्याही गाडीचा एसी चालू करता यायचा, प्रवासाची नोंद बघता यायची. बोभाटा झाल्यावर निसानने ती सेवा बंद ठेवली. २०२४ मध्ये सॅम करी हा सुरक्षा संशोधक आणि त्याच्या साथीदारांनी कियाच्या डीलरांसाठीच्या यंत्रणेत असं भोक शोधलं, की नुसत्या नंबरप्लेटवरून साधारण ३० सेकंदांत गाडीचा ताबा मिळायचा. कुलूप उघडणं, इंजिन सुरू करणं, गाडी कुठे आहे ते बघणं, सगळं. वर मालकाला कळू न देता स्वतःला दुसरा वापरकर्ता म्हणून जोडता यायचं. कियाने ते बुजवलं आणि मगच त्यांनी ते जाहीर केलं.

यातली मेख अशी, की त्या मालकांनी कनेक्टेड सेवेचे पैसे भरले होते की नव्हते, याने काही फरक पडत नव्हता. तेव्हा 'मी फोन-किल्ली घेतलीच नाही, मी सुटलो' असं म्हणणाऱ्यांनी आपल्या गाडीत सिम आहे का ते आधी बघावं.

सर्व्हर फोडायचीही गरज नसते, तो नुसता बसला तरी पुरे. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाचा सर्व्हर काही तास बसला आणि ॲपच्या भरवशावर असलेले बरेच मालक स्वतःच्या गाडीबाहेर ताटकळले. गाडीसोबत मिळणारं किल्लीचं कार्ड जवळ असलेले आत बसून निघून गेले.

पान्हेवाला:
दार_लोटा यांच्याशी सहमत. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याचं पटतंय. हलकं घ्या.

निवांत_वळण:
खात्याचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आम्ही वापरलेली गाडी घेतली. कागदपत्रं, दोन फॉब, सर्व्हिसची वही, सगळं हातात. काही आठवड्यांनी आधीच्या मालकांचा फोन आला. गृहस्थ बिचारे संकोचून सांगत होते, की त्यांच्या ॲपमध्ये आमची गाडी अजून दिसते आहे, रोज सकाळी कुठे जाते तेही, आणि 'दार उघडा'चं बटणही चालू आहे. सज्जन माणूस म्हणून कळवलं तरी. ज्या डीलरने गाडी विकली त्याला विचारलं, तर तो म्हणाला, 'फॅक्टरी रीसेट केलं होतं की.' स्क्रीनवरचं रीसेट केलं होतं त्याने. सर्व्हरवरच्या खात्याला त्याचा पत्ताच नव्हता. ते खातं सुटवायला मालकी हक्काचे कागद पाठवा, वाट बघा, परत पाठवा, असं बरंच चाललं.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी आधीच्या मालकालाच समोर बसवून त्याच्या ॲपमधून गाडी काढायला लावावी. मग गाडीच्या स्क्रीनवर 'डिजिटल की' किंवा 'कीज'ची यादी उघडून त्यात कुणाचं नाव उरलं आहे का, तेही बघावं.

दार_लोटा:
हे अगदी नेमकं सांगितलंत. आयबीएमच्या चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये आरएसए या सुरक्षा परिषदेत हेच मांडलं होतं. त्यांनी विकलेली गाडी वर्षं उलटली तरी त्यांच्या ॲपमधून उघडत होती, आणि ते स्वतः सुरक्षातज्ज्ञ!

चौथी_सीट:
एक बाळबोध शंका. आमची गाडी भिंतीला लागून उभी असते. भिंतीच्या आतल्या बाजूला ओटा. मित्राकडे अशीच गाडी आहे, त्याची बायको फोन घेऊन ओट्यापाशी गेली की बाहेर आरसे उघडतात, ती मागे वळली की मिटतात. भाजी होईपर्यंत आरशांची कवायत चालू. हे धोक्याचं नाही का?

ओमचा_नियम:
कवायत आवडली :) आरसे उघडले म्हणजे दारही उघडं, हे बऱ्याच गाड्यांत खरं असतं. हाच ब्लूटूथचा नुसत्या जोरावर विसंबण्याचा दोष. भिंत, खिडकी, माणसाचं शरीर, सगळ्यांनी जोर बदलतो. मित्राला सांगा, जवळ गेल्यावर आपोआप उघडण्याची सोय बंद कर आणि घरी तरी हँडलला टेकवून किंवा बटण दाबून उघड. फोन ठेवायची जागा बदलली तरी बराच फरक पडेल.

गिअरबदलू:
मग यूडब्ल्यूबी घेतलं की विषय संपला ना? एका वाक्यात सांगा.

ओमचा_नियम:
एका वाक्यात: रिलेपुरता बहुतांशी संपला. पण यूडब्ल्यूबी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०२२ मध्ये 'घोस्ट पीक' नावाच्या हल्ल्यात संशोधकांनी ॲपलच्या यू१ या यूडब्ल्यूबी चिपला प्रत्यक्षातलं १२ मीटर अंतर शून्य भासवून दाखवलं. यश जास्तीत जास्त ४ टक्के वेळा. एकाच मोजणीवर विश्वास न ठेवता पाठोपाठच्या अनेक मोजण्या जुळवून बघणाऱ्या गाडीला यातून फसवणं अवघड, पण ती तसं करते का हे गाडी बनवणाऱ्यावर आहे.

आणि तुमच्या पिनबद्दल. पिन उत्तम, माझाही त्यालाच कौल आहे. फक्त गाडीतल्या वस्तू त्याने वाचत नाहीत. दार उघडून लॅपटॉप नेणाऱ्याला गाडी चालवायचीच नसते.

कुणी काढला नाही असा एक मुद्दा आहे, नवी किल्ली जोडण्याचा. २०२२ मध्ये सुरक्षा संशोधक मार्टिन हेरफुर्ट यांनी दाखवलं, की टेस्ला एनएफसी कार्डाने उघडल्यानंतरच्या १३० सेकंदांत गाडी आणखी कार्ड न मागता नवी किल्ली स्वीकारत होती. म्हणजे तुम्ही कार्ड टेकवून बसताय आणि शेजारी उभा असलेला कुणी ब्लूटूथवरून आपल्या फोनची किल्ली तुमच्या गाडीत नोंदवतोय. तुम्हाला काहीच दिसत नाही. तो नंतर सावकाश येणार, स्वतःची 'अधिकृत' किल्ली घेऊन! म्हणून किल्ल्यांची यादी अधूनमधून बघत जा. नवी किल्ली जोडली गेली तर गाडी तुम्हाला कळवते का, हेही खरेदीआधी विचारा.

कानामात्रा:
घरच्यांना किंवा ड्रायव्हरला फोनवरून किल्ली पाठवता येते, त्याबद्दल एक भर. ही सोय फॉबपेक्षा खरंच चांगली आहे. नुसतं दार उघडण्यापुरती देता येते, काही गाड्यांत वेगाची मर्यादाही घालता येते आणि माणूस बदलला की रद्द करता येते. पण गाडी तळघरात नेटवर्कशिवाय उभी असेल तर रद्द केल्याचा निरोप तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागू शकतो. घाई असेल तर गाडीत बसून स्क्रीनवरूनच किल्ली पुसा.

आणि व्हॉट्सॲपवर किल्लीची लिंक पाठवताना त्याच संदेशात पिन लिहू नका. पिन फोन करून सांगा.

शंकेखोर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्ही शोरूमना जाऊन आलो. पहिल्याने 'ब्लूटूथ का यूडब्ल्यूबी' यावर 'मॅडम, लेटेस्ट आहे' एवढंच सांगितलं. शेवटी मीच गाडीचं मॅन्युअल मागून घेतलं आणि तिथेच उभी राहून वाचलं. पहिलीत नुसतं ब्लूटूथ आणि पिनची सोय नाही. दुसरीत एनएफसी आणि यूडब्ल्यूबी दोन्ही, पिनही आहे, किल्ल्यांची यादी स्क्रीनवर दिसते. अर्थातच दुसरी.

पण नवी अडचण. माझ्या फोनमध्ये यूडब्ल्यूबी आहे, नवऱ्याचा आयफोन एसई आहे, त्यात नाही म्हणे. आता त्याच्यासाठी गाडी ब्लूटूथवर उतरणार का? आणि बॅटरीचा प्रश्न सगळे विसरलात!

ओमचा_नियम:
एसईत यूडब्ल्यूबी नाही, बरोबर. पण ॲपलच्या वॉलेटमधली किल्ली असेल तर त्यांच्या फोनवर ती एनएफसीने चालेल, म्हणजे त्यांना फोन हँडलला टेकवावा लागेल. सुरक्षिततेत त्यांचं काही कमी होत नाही, फक्त ज्याचं कौतुक होतं ती खिशातल्या खिशात उघडण्याची गंमत तुम्हाला मिळणार आणि त्यांना नाही. मात्र कंपनीच्या ॲपमध्ये ब्लूटूथची वेगळी किल्ली असेल तर ती त्यांच्या फोनवर जोडू नका.

बॅटरी: एक्सप्रेस मोड चालू असेल तर आयफोन चार्ज संपून बंद पडला तरी एनएफसीची किल्ली त्यानंतर ५ तासांपर्यंत चालू शकते. हे बॅटरी संपल्यावरच, तुम्ही स्वतः फोन बंद केलात तर नाही. अँड्रॉइडमध्ये मॉडेलागणिक वेगळं आहे, तपासून घ्या. आणि गाडीसोबत मिळणारं कार्ड कायम पाकिटात ठेवा.

शंकेखोर:
टेकवावा लागणार हे वाचून नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला आहे. नवीन फोनची मागणी लगेच पुढे आली. धागा महागात पडला.

पान्हेवाला:
अभिनंदन! गाडी घेताना कॅन बसबद्दलही विचारा, उत्तर मिळणार नाही, पण विचारा. आणि ते कार्ड फोनच्या कव्हरमध्ये खोचू नका. निम्मी जनता तेच करते, मग फोन टॅक्सीत राहिला की दोन्ही किल्ल्या एकदमच जातात.